खरातबाईंची खुर्ची

आमच्या दवाखान्यात खरातबाई रुजू झाल्या, तेव्हा पेशंट तपासायच्या आधी त्यांनी खुर्ची तपासली. डॉक्टरांची ती फिरती खुर्ची, पाठीला पांढरा टॉवेल लावलेली. त्या टॉवेलचा आमच्या शिपायाला फार अभिमान. बाईंनी टॉवेल काढून त्याच्या हातात दिला, खुर्चीत बसून एक गिरकी घेतली आणि समोर मी उभा होतो, मला म्हणाल्या, "बराबर आहे भाऊ. कुणालाही बसवलं तरी मोडायची न्हाई."

मी दवाखान्यातला औषधं देणारा. आमचं गाव कुंभार पिंपळगाव आणि तीर्थपुरीच्या मधलं, चहूकडं मोसंबीचे मळे. माझी खिडकी आणि डॉक्टरांचं दार समोरासमोर, मध्ये फक्त पेशंटांची बाकडी. त्यामुळे आत काय चाललंय ते मला आपोआप दिसतं, आणि नाही दिसलं तर मी मान लांब करतो. या खिडकीतून मी बरेच डॉक्टर पाहिले. एक मान वर न करता लिहायचे. एक इतके तापट, की माणूस आपलं दुखणं विसरून बाहेर यायचा. सगळे हुशार होते, मनानं वाईट एकही नव्हता. पण खुर्ची फिरवून बघणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मनात म्हटलं, तरुण पोरगी आहे, हौस आहे, महिनाभरात उतरेल.

ती उतरली नाही. त्याच दिवशी दुपारच्या आत खुर्चीचं कोडं उलगडलं. धुरपताबाई नावाची म्हातारी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आली होती. बाईंनी तिला तपासलं, गोळ्या समजावून सांगितल्या, म्हातारी "हो जी, हो जी" म्हणत उठायला लागली. तेवढ्यात बाईच उठल्या, टेबलाला वळसा घालून अलीकडं आल्या आणि म्हातारीला दंडाला धरून डॉक्टरच्या खुर्चीत नेऊन बसवलं. स्वतः पेशंटच्या स्टुलावर बसल्या, ओढणी डोक्यावर घेतली, कमरेला हात लावून कण्हल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरबाई, ह्या गोळ्या कशा घ्यायच्या वो? मला मेलीला काही ध्यानात राहत न्हाई."

धुरपताबाई खुर्चीच्या काठावर अशी बसली होती, की जणू खालची बैठक तापली आहे. आधी पदर तोंडाला लावून हसली. मग हळूच म्हणाली, "सकाळी एक घ्यायची."

"चहाच्या आधी का मंग?"

म्हातारीनं पदर सावरला. "ते तुम्ही न्हाई सांगितलं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "बघा! चूक कुणाची? डॉक्टरची. फुकट पगार खाऊन राह्यली ती!" आणि स्टुलावर बसल्या बसल्याच त्यांनी गोळीचं सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी म्हातारीनं न अडखळता सांगितलं, आणि जाताना खुर्चीच्या हातावरून एकदा हात फिरवून गेली.

खरातबाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, आणि हसायच्या तेव्हा बाहेरच्या लिंबावरची पाखरं उडायची. चष्मा डोक्यावर चढवून सगळ्या दवाखान्यात शोधत फिरायच्या. स्कूटीचं स्टँड वर करायचं त्यांच्या कधीच लक्षात राहायचं नाही, शाळेतली पोरं ओरडायची, "बाई, स्टँऽऽड!" डब्यात रोज हिरव्या मिरचीचा ठेचा, तोही असा, की एकदा मी चाखला आणि माझी दुपार पाण्याच्या माठाशी गेली. बाई मूळच्या मंठ्याकडच्या. घर बौद्ध, वडील शिक्षक, त्यांना त्या दादा म्हणायच्या. "आमच्या घरात," त्या सांगायच्या, "जेवताना एक तरी प्रश्न विचारायचा, न्हाई तर दादा म्हणायचे, आज पोरीला बरं न्हाई, झोपवा तिला." मला त्या फार आवडायच्या, हे इथंच सांगून टाकतो. मी तसा चटकन कुणाला चांगलं म्हणणारा माणूस नाही, हे आमच्या घरी कुणीही सांगेल.

बाईंचं एक पक्कं मत होतं. त्या म्हणायच्या, आपल्या भागात सगळ्यात घातकी आजार म्हणजे 'हो'. आमच्याकडं डॉक्टरला 'हो' म्हणणं ही रीत आहे. डॉक्टर काही सांगत असेल तर मान हलवायची, "बराबर" म्हणायचं, "बिलकुल" म्हणायचं. परत विचारलं तर त्याच्या शब्दावर संशय घेतल्यासारखं होतं, आणि आपल्याला कळलं नाही हे चारचौघांत उघडं पडतं ते वेगळंच. मग माणूस घरी जातो आणि शेजाऱ्याला विचारतो की ही गोळी कशाची असेल रे. शेजारी तर डॉक्टरपेक्षा ठामपणे सांगतो.

ही गोष्ट बाईंनी एकदा भर बाह्यरुग्ण विभागात सिद्ध करून दाखवली. विठ्ठलमामा म्हणून एक साधे सालस गृहस्थ, खोकल्यासाठी आले होते. ते इतक्या अदबीनं माना हलवत होते, की बाईंना राहवलं नाही. गोळी हातात धरून गंभीरपणे म्हणाल्या, "मामा, ही सकाळी उठल्याबरोबर उजव्या कानात घालायची."

"हो जी."

"अन् संध्याकाळची डाव्या कानात."

"बराबर."

बाकड्यावर हशा पिकला. मामा बिचारे इकडं तिकडं बघायला लागले. बाई मात्र दारात येऊन उभ्या राहिल्या. "हसू नका कुणी. तुम्ही सगळे हेच करून राह्यले रोज. मामांनी माझा मान राखला. पण मान माझा राखायचा अन् गोळी कानात जायची, हे कसं जमायचं? मला 'हो' म्हणणारं माणूस नको. 'काय म्हन्लं?' म्हणणारं पाहिजे." मग मामांची हात जोडून माफी मागितली आणि त्यांना खुर्चीत बसवलं. त्या दिवसापासून गावात कुणी मुकाट्यानं मान हलवली, की समोरचा विचारायचा, "कोणत्या कानात?"

माझ्याकडंही त्यांचं लक्ष होतंच. मी खिडकीतून पुड्या द्यायचो आणि सवयीनं म्हणायचो, "सकाळ-संध्याकाळ, पुढचा." एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बाईंनी मला खिडकीबाहेर उभं केलं, स्वतः आत गेल्या आणि माझ्याच आवाजात, मान खाली घालून, भरधाव तेच वाक्य माझ्यावर फेकलं. मी म्हटलं, "काय म्हणालात?" तर आतून टाळ्या वाजल्या. "वा भाऊ! आज पहिल्यांदा या खिडकीवर कुणी 'काय म्हणालात' म्हटलं." तेव्हापासून मी पुडीवर सूर्य आणि चंद्र काढायला लागलो. माझा चंद्र केळीसारखा दिसतो अशी तक्रार बऱ्याच पेशंटांनी केली. सगळ्यांना कसं खूश करणार?

पथ्याचा किस्सा तर सांगायलाच हवा. आमच्याकडं औषध घेतलं की पेशंट दारातून मागं वळून विचारतो, "पथ्य काय?" आधीचे डॉक्टर म्हणायचे, "काही नाही, सगळं खा." पेशंटचा चेहरा पडायचा. ज्या औषधाला पथ्य नाही त्यात दम तो काय असणार? निम्मे लोक त्या गोळ्या कोनाड्यात टाकून द्यायचे. खरातबाईंनी ही नस बरोबर ओळखली. त्या प्रत्येक औषधाला पथ्य सांगायच्या, अगदी आवाज खाली आणून, आणि पेशंट कान देऊन ऐकायचा. रक्तदाबाला लोणचं-पापड बंद. "अन् आता सगळ्यात मोठं कुपथ्य ऐका," त्या म्हणायच्या. "दाब नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करायची, हे कुपथ्य. तुमच्या ठिबकला फिल्टर आहे ना? पाणी बराबर चाललं म्हणून फिल्टर काढून बांधावर फेकता का?" मोसंबीवाल्याला याहून जास्त सांगायची गरज नसायची. कुपथ्य म्हटल्यावर घरची बाईमाणसंही पहारा ठेवायची. नुसती गोळी चुकली तर कुणी विचारलं नसतं, पण कुपथ्य केलं म्हटलं की घरात बोलणी बसायची.

आता सगळ्यांनाच ही खुर्ची गोड वाटली असं नाही. एक गुरुजी भडकले होते. "माझी परीक्षा घेता?" बाई म्हणाल्या, "परीक्षा माझी आहे सर, पेपर तुम्ही तपासायचा." ते तरी बसले नाहीतच. रांगेतले लोक कुरकुर करायचे, जल्दी करा म्हणायचे. एकदा वरचे साहेब तपासणीला आले, त्यांनी घड्याळाकडं बघत विचारलं, प्रत्येकाला एवढा वेळ कसा परवडतो? बाईंनी त्यांनाच खुर्चीत बसवलं. साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, कारण दार लावलेलं होतं. पण बाहेर आले तेव्हा हसत होते आणि जाताना माझ्याकडून जुलाब झाल्यावर द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी घेऊन, ती कशी कालवायची हे मला स्वतः सांगून गेले.

आणि मग सोपानआप्पा.

सोपानआप्पा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. जुनं जमीनदार घर, मोसंबीचा बाग, भरघोस मिशा, आणि आवाज असा, की मळ्यात बोलले तर गावात कळावं. देवीच्या टेकडीवर अष्टमीला गावाचं निशाण जातं, त्या निशाणाचा मान त्यांच्या घराकडं. घट बसले की पायातलं काढायचं, नवरात्रभर अनवाणी राहायचं, आणि अष्टमीला निशाणाची काठी खांद्यावर घेऊन तसंच टेकडी चढायचं. आजोबांपासून चालत आलेलं. पण आप्पांना साखरेचा आजार होता. मागच्या नवरात्रात पायात काच घुसली, जखम चिघळली, जालन्याला करंगळी काढावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा जखम झाली तर पाय वाचवता येणार नाही. जाड तळाच्या काळ्या चपला लिहून दिल्या होत्या, त्या आणल्यापासून घरात माळ्यावर पडल्या होत्या.

घट बसायला थोडे दिवस उरले होते, तेव्हा आप्पांच्या पत्नी कौसाबाई त्यांना घेऊन आल्या. घेऊन म्हणजे जवळजवळ ओढूनच. "बाई, ह्यांना सांगा. परत जखम झाली तर पाय जाईल म्हन्लेत जालन्याचे डॉक्टर. अन् हे नवरात्रात अनवाणी फिरायला निघाले."

"सांगा, सांगा," आप्पा स्टुलावर बसून मांडीवर हात ठेवत म्हणाले. "मी ऐकून घेतो."

बाईंनी सगळं सांगितलं. साखरेनं पायाच्या शिरा कशा बधिर होतात, जखम का भरत नाही, पाय रोज का बघायचा. आप्पा म्हणाले, हो. मग म्हणाले, बराबर. मग म्हणाले, बिलकुल. कौसाबाईंनी कपाळाला हात लावला. "घरीबी असंच म्हणत्यात, अन् करत्यात आपलंच."

आप्पांनी घसा साफ केला. "बाई, खरं सांगू का? राग मानू नका. शिरांचं तुम्हाला कळतं. पण देवीचं तुम्हाला काय कळणार? तुमच्यात न्हाई ते."

मी हातातली गोळ्यांची पट्टी तशीच धरून राहिलो. ते बोलणं मला लागलं, मग बाईंना लागलं नसेल कसं? पण बाईंनी आप्पांकडं सरळ बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाई कळत आप्पा. खरंच न्हाई कळत. ते तुमच्याकडून शिकायचंय मला. त्याच्या आधी एक खेळ खेळू. कौसामावशी, तुम्ही इकडं या."

त्यांनी खणातून नायलॉनचा एक जाड दोरा काढला, मासे धरायच्या गळाला असतो तसा. तो आप्पांच्या हाताच्या पाठीवर टेकवला. "कळतंय?" आप्पा म्हणाले, "न कळायला काय झालं?" मग दोरा कौसाबाईंच्या हातात दिला. आप्पांनी पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तळव्याला दोरा लागला की "लागला" म्हणायचं. एवढाच खेळ.

आप्पांनी हसत डोळे मिटले. कौसाबाईंनी अंगठ्याखाली दोरा टेकवला. तो वाकेपर्यंत दाबला. मग चवड्यावर, मग टाचेजवळ. मग दुसऱ्या पायाला. आप्पा आपले मिशांत हसत बसलेले. कौसाबाईंनी बाईंकडं बघितलं, बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बाकड्यावरची माणसं उठून दारात आली होती. मीही खिडकी सोडून आलो होतो, खोटं कशाला बोलू.

"अगं लाव ना," आप्पा म्हणाले. "कवा लावणार?"

कौसाबाई म्हणाल्या, "कवाची लावून राह्यले."

आप्पांनी डोळे उघडले. दोरा त्यांच्या तळव्यावर वाकलेला होता. त्यांनी तो बायकोच्या हातातून घेतला, स्वतःच पायाला टोचला, जोरात टोचला, परत टोचला. मग पायाकडं असे बघत राहिले, की जणू तो दुसऱ्या कुणाचा पाय आहे.

"मागच्या साली काच गेल्ती तवा..."

"तवाबी तुम्हाला कळलं न्हाई," कौसाबाई म्हणाल्या. "तुम्ही घरात आल्ते अन् अंगणभर रगत. मी म्हन्ले, हे कुणाचं?"

बाईंनी आप्पांना सावरायला वेळ दिला. पाणी दिलं. मग उठल्या आणि आपल्या खुर्चीकडं हात केला. "आता बसा डॉक्टर."

आप्पा बसले. खुर्ची करकरली. बाई स्टुलावर बसल्या, मांडीवर हात ठेवले, नसलेल्या मिशीला पीळ भरला आणि छाती काढून गरजल्या, "डॉक्टरसाहेब, मी काही चपला घालणार न्हाई. आमच्या आज्यापासून चालत आलंय!"

दारातले लोक खदखदून हसले. आप्पाही हसले, पण डोळे ओले होते. मग त्यांनी टेबलावर हात आपटला. "अहो पण तुमच्या पायाला कळत न्हाई ना!"

"न कळू द्या. देवी बघून घेईल."

"देवी बघंल की. पण तुम्हाला डोळे दिलेत ना तिनं? अन् टेकडी चढायची कशावर? पाय जालन्यात ठेवून आले तर फुडच्या साली काय लोळत जाणार का?"

"मंग नेम मोडायचा म्हणता का डॉक्टर?"

हे बाईंनी विचारलं तेव्हा आवाजातला खेळ गेला होता. त्या खरंच विचारत होत्या. आप्पा अडकले. मिशीवर हात गेला, टेबलावरची पेन सरळ केली, वाकडी केली. पिढ्यांचा मान एका बाजूला आणि पाय दुसऱ्या. मला वाटलं, हा माणूस आता उठेल आणि निघून जाईल.

कोपऱ्यातून कौसाबाई म्हणाल्या, "त्यांच्या वाटचं मी चालते. माझ्या पायाला कळतंय."

बाई स्टुलावरून अशा उठल्या की स्टूल पडलं. त्यांनी कौसाबाईंना मिठी मारली, दोघी हसायला लागल्या, दारातल्या बायका हसायला लागल्या. आप्पा खुर्चीत बसून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं होतं. मग बाई एकदम मागं सरकल्या. "थांबा मावशी. आधी तुमचे पाय दाखवा. अन् भाऊ, ह्यांची साखर बघायला सांगा." कौसाबाईंच्या तळव्याला दोरा टेकला न टेकला तोच त्यांनी पाय ओढून घेतला आणि गुदगुल्या होतात म्हणून तक्रार केली. साखरही ठीक निघाली.

गावात अर्थातच चर्चा झाली. आप्पांचा चुलतभाऊ पारावर म्हणाला, निशाण चपला घालून न्यायचं असेल तर मान दुसऱ्या घराला द्या. आप्पा त्याला काय म्हणाले ते अर्ध्या गावानं ऐकलं, पण इथं लिहिण्यासारखं नाही. तरी माझी खात्री नव्हती. खोलीत एक बोलणं आणि भर जत्रेत दुसरं, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. माणूस पाय गमवायला तयार होतो, पण चार लोकांत मान खाली घालायला तयार होत नाही. त्यातच बाईंच्या बदलीची ऑर्डर आली, मंठ्याची. घराजवळ जाणार म्हणून त्या खूश होत्या आणि आम्हाला सोडून जाणार म्हणून आम्ही त्यांच्यावर चिडून होतो. दसऱ्यानंतर त्या तिकडं रुजू होणार होत्या. मी अष्टमीच्या दुसऱ्या दिवसापासून लेकीकडं रजेवर जाणार होतो. त्यामुळे अष्टमी हाच आमचा सोबतचा शेवटचा दिवस.

अष्टमीला टेकडीच्या पायथ्याशी दवाखान्याचं टेबल असतं. चक्कर आलेले, पायात खडे रुतलेले, पोट बिघडलेले, सगळे तिथं येतात. बाई सकाळपासून कामात होत्या, पण नजर रस्त्यावर. हलगीचा आवाज ऐकू यायला लागला तसा त्यांनी चष्मा पुसला. "काय वाटतं भाऊ?" मी म्हटलं, "बाई, मला काही वाटत नाही, मी औषधवाला माणूस." खरं तर माझाही जीव टांगणीला लागला होता.

गर्दी वळणावर आली. पुढं कौसाबाई, अनवाणी, कपाळभर कुंकू, पावलं बघून टाकत होत्या. त्यांच्या मागं निशाणाची काठी, आणि काठीखाली आप्पा. मिशा तशाच. पायात काळ्या चपला. निम्मी वाट बाईंच्या हुकुमानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झाली होती, उरलेली त्यांनी पायी केली होती. लोक त्यांच्या पायांकडं बघत होते, आणि आप्पांना ते कळत होतं. कधी नव्हे ती त्यांची मान जरा खाली होती.

ते सरळ आमच्या टेबलाशी आले, काठी पुतण्याकडं दिली आणि पोत्यावर बसले. "बाई, पाय बघून घ्या. वर जायच्या आधी."

बाई जमिनीवरच बसल्या, मातीत, आणि आप्पांचा पाय मांडीवर घेतला. आप्पा चपापले. "अहो, पाय काय धरता माझा, तुम्ही डॉक्टर..." पाय ओढायला लागले, तर बाईंनी घोटा घट्ट धरला. "गप बसा." त्यांनी तळवा बघितला, बोटांच्या बेचक्या बघितल्या, करंगळीची जुनी खूण बघितली. दुसरा पाय बघितला. दोन्ही कोरडे, स्वच्छ, कुठं ओरखडासुद्धा नाही. मग त्यांनी चप्पल उलटी केली.

तळात बाभळीचा काटा होता. लांब, पांढरा, जाड तळात तिरपा घुसून तिथंच अडकलेला. बाईंनी तो चिमटीत धरून ओढून काढला आणि आप्पांपुढं धरला. "हा कुठं लागला?"

"मला काय माहीत कुठं..." आप्पा बोलता बोलता थांबले.

त्यांनी काटा हातात घेतला. टोकावर अंगठा ठेवून जरा दाबला आणि "स्स" करून हात झटकला. अंगठ्यावर रक्ताचा ठिपका आला होता. तो ठिपका ते बघत राहिले. हलगीवालाही थांबला होता. कौसाबाईंनी पदर तोंडात धरला.

मग आप्पा उठले. काटा डोक्यापेक्षा वर धरला आणि त्यांचा तो मळ्यातला आवाज निघाला. चुलतभाऊ गर्दीत उभा होता, त्याला दाखवून म्हणाले, "बघ रे! हा पायात असता, अन् मी वर देवीपुढं नाचत असतो! कळलंबी नसतं!" आणि हसायला लागले, असे हसले की काठी धरलेला पुतण्याही हसला, हलगीवाल्यानं आपोआप ठेका धरला, आणि चुलतभावानंही शेवटी हात जोडले. आप्पांनी काटा उपरण्याच्या टोकात बांधला, गाठ दोनदा ओढून पक्की केली. "नारळासंगं देवीला हाच वाहतो," म्हणाले. "चल गं."

वर गाभाऱ्यापुढची पायरी झाडून घेतलेली होती, चपला तिथं उतरवायच्या असं ठरलं होतं. निशाण निघालं. पायऱ्यांवर अनवाणी पायांची ही गर्दी, आणि तिच्यात त्या दोन काळ्या चपला वर वर चालल्या होत्या, कौसाबाईंच्या पावलांमागं. टेबलाशी पेशंट खोळंबले होते. बाई अजून मातीतच बसलेल्या, ओढणी धुळीनं माखलेली, चष्मा डोक्यावर, गालावरून पाणी वाहतंय आणि हसतायत. मी हाक मारली.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या. "वरच्या वळणापर्यंत जाऊ द्या त्यांना."